ध धाब्याचा

तिसरीत मी आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, रोज मारत असे. पुस्तकात होतं, ‘आबा पाणी भरतात.’ मी वाचायची, ‘आबा पाणी मरतात.’ अख्खा वर्ग हसायचा आणि गुरुजी शांतपणे म्हणायचे, “कालच तर गेले होते गं तुझे आबा. आज पुन्हा?”

भ आणि म, ध आणि घ मला एकसारखेच दिसायचे. मी एकदा नापास झालेली. आबांनी सांगून ठेवलं होतं, “आते नापास व्हयनी ना, मंग कापूस येचाले चाल.” म्हणजे पुन्हा नापास झाले तर शाळा बंद. ते रागावून नव्हते बोलले, म्हणूनच मला जास्त भीती वाटायची.

आमचं गाव शिंदखेड्याच्या बाजूचं. घरं धाब्याची, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर आणि त्यात उजेडासाठी ठेवलेलं एक भोक. परीक्षेच्या दोन दिवस आधी गुरुजी सगळ्या वर्गाला घेऊन आमच्याच घरी आले. मला एकटीला शिकवायचं असलं तरी ते सगळ्यांना कामाला लावायचे, म्हणजे कोणी मला वेगळं काढायला नको. आई घाबरली. तिला वाटलं, माझी तक्रार घेऊन आले. तिने घाईघाईने माठातलं पाणी दिलं.

गुरुजी म्हणाले, “सगळ्यांनी वर बघा. काय दिसतं?”

“भोक,” चाळीस पोरं ओरडली.

“ध धाब्याचा. त्याच्या छपराला भोक. भ तर भोकाचाच. त्याच्याही छपराला भोक. घ आणि म यांची छपरं धड. अक्षराच्या पोटात बघू नका, आधी छप्पर बघा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि आबांना आता जगू दे, बाई.”

पाटीवर मी ध काढला. डोक्यावरची रेघ खरंच तुटलेली. मला कोणी आधी का सांगितलं नव्हतं?

संध्याकाळी आबा शेतातून आले. वाटेत पारावर त्यांना कळलं होतं की बठ्ठी, म्हणजे सगळी शाळा त्यांच्या छपराचं भोक बघून गेली. ते त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना ते वर चढले, भोकावर पत्रा टाकला आणि वरून माती लिंपली.

शाळेतून आले तर घरात अंधार. वर बघितलं. छप्पर धड. धाब्याचं नुसतं घर झालं होतं, म्हणजे ध चा घ झाला होता. परीक्षा उद्यावर आणि मी भोकाड पसरलं.

“काय व्हयनं?” आबांनी विचारलं.

“माझा ध बुजवला तुम्ही.”

त्यांना काही कळलं नाही. आईने समजावून सांगितलं. सकाळी मी उठले तेव्हा वरून माती पडत होती. पत्रा सरकला, उजेड आला आणि भोकात आबांचं तोंड दिसलं. “दिखस का आते ध?”

मी म्हटलं, नाही दिसत, तुमचं डोकं मधे येतंय.

परीक्षेत वाचन घ्यायला मोठे गुरुजी बसले होते. वाक्य आलं, ‘घरात धान्य भरले.’ मी एकेका अक्षराचा माथा बघत चालले. घ, धड. ध, भोक. भ, भोक.

“एवढा वेळ का लावतेय ही?” मोठ्या गुरुजींनी विचारलं.

“छपरं तपासतेय, गुरुजी,” आमचे गुरुजी म्हणाले. “घाई केली तर गळतं.”

मी पास झाले. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण कापूस वेचायला गेले ती वाचता येणारी होऊन. आता नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळूरला आहे. इथल्या एका शाळेत आया आहे. इथल्या बाईंनी मला या अडचणीचं नाव सांगितलं, डिस्लेक्सिया. अक्षरं ज्यांना चकवतात त्यांच्या अडचणीला इतकं अवघड नाव कोणी दिलं, देव जाणे. गुरुजींना ते ठाऊक नव्हतं. त्यांना आमचं छप्पर ठाऊक होतं.

घरी पत्र पाठवताना अजून धाकधूक असते. पाकिटावर ‘जिल्हा धुळे’ लिहिण्याआधी मी मान वर करते. इथे वर फक्त सिमेंट आणि पंखा. मग डोळे मिटून आमचं भोक आठवते, आणि लिहिते.

मागच्या महिन्यात भावाच्या अक्षरात आबांचं पत्र आलं. “घरावर स्लॅब टाकला. भोक ठेवलं नाही. आता पत्ता जपून लिही.”