तांदळात खडे लई होते

आज माझी चूक आमच्या शाळेतल्या शबानामावशींनी निस्तरली. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

महिन्यातून एकदा हिंगोलीहून समुपदेशक मॅडम आमच्या गावच्या शाळेत येतात. आज मी शहाण्यासारखं परिपाठालाच माईकवर सांगून टाकलं, "ज्यांना मनाचा काही त्रास असेल त्यांनी ऑफिसात मॅडमना भेटा."

झालं! दोन तास मॅडम एकट्याच. एक लेकरू तिकडं फिरकलं न्हाई.

खिचडी शिजवणाऱ्या शबानामावशी माझ्यावर चिडल्याच. "सर, ऑफिसात लेकरं शिक्षा झाली की जातात. साऱ्या शाळेदेखत तिथं काहून जाईल कोणी? मॅडमला माझ्याकडं पाठवा, तांदूळ निवडायला."

मॅडम हसत गेल्या, ताट पुढ्यात घेऊन बसल्या. मावशींनी आठवीतल्या एका पोरीला मदतीला हाक मारली. ही पोरगी दिवाळीपासून वर्गात गप्प गप्प असते. मी व्हरांड्यातून पाहत होतो. आधी दोघी नुसत्याच तांदूळ निवडत होत्या. मग पोरगी बोलायला लागली. ओढणीनं डोळे पुसत बोलतच राहिली.

खिचडीला पाऊण तास उशीर झाला. हेडसरांनी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "काय करू सर, तांदळात खडे लई होते."

मावशींनी तेच निवडलेले तांदूळ तीनदा ताटात ओतले, ते मी पाहिलं होतं.

तुमच्या शाळेत लेकरांना मोकळं बोलायला जागा कुठं आहे? माहीत नसेल तर आधी तुमच्या मावशींना विचारा.