मशीन कोण थांबवणार?

प्रयोगशाळेचा कागद आला तेव्हा मी कुरुंद्याच्या रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये, गुणवत्ता विभागात बसले होते. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, ओलावा मोजायचं यंत्र आणि मी. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी होती ती. आजूबाजूच्या गावांची वाळवलेली हळद घ्यायची, निवडायची, दळायची आणि पाकिटात भरून मोठ्या खरेदीदाराला पाठवायची, एवढं काम. इतकी बारकाईची तपासणी खरेदीदारानं यंदा पहिल्यांदाच मागितली होती. कागदावर दोनच ओळी कामाच्या होत्या. पावडरीत तांदळाचा अंश सापडला. बाहेरचा लाल रंगही सापडला.

साध्या भाषेत, भेसळ.

मागोमाग खरेदीदाराचा पुण्याहून फोन. आवाज गोड होता, मजकूर कोरडा. हे का झालं ते लेखी द्या, पुढचा माल आमच्या माणसासमोर दळा, आणि तोही नापास झाला तर आपला संबंध संपला.

आमचे अध्यक्ष सभासदांनी निवडून दिलेले होते, पण शेडमधली सगळी माणसं त्यांना ‘मालक’ म्हणायची. मी पहिल्या आठवड्यातच सांगून पाहिलं होतं की इथं कुणी मालक नाही. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा मालकच म्हणायचे. तर मालकांनी दुपारच्या जेवणाआधी गुन्हेगार ठरवून टाकला: निवडणीच्या टेबलावरची मावशी.

मावशी तांड्यावरून यायची. तिच्या भरवशावर तिथल्या आणखी आठ बायका एकाच टेम्पोत बसून यायच्या. हळकुंड मोडताना जो टक् आवाज येतो, त्यावरून ती ओलावा सांगायची. माझं यंत्र मागाहून तेच सांगायचं. टेबलावरून खडा, काडी, मातीचं ढेकूळ निसटणं अशक्य होतं. आणि नेमकं तेच तिच्या विरोधात गेलं. मालक म्हणाले, “दळायच्या आधी शेवटची नजर तिची. तिच्यापुढून तांदूळ गेलाच कसा?” चौकशी होईपर्यंत तिनं घरी बसायचं, असं ठरलं. या पट्ट्यात हळदीच्या शेड थोड्या आणि सगळे एकमेकांना ओळखून. भेसळवाली म्हणून नाव झालं तर तिला पुन्हा कुणी टेबलावर उभं करणार नव्हतं, आणि तिच्यामागच्या आठजणींनाही.

आता माझं सांगते. मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील मोर्च्यांची, संपांची पत्रकं गावोगाव वाटायचे. उरलेले गठ्ठे आमच्या घरात कपाटाखाली, गादीखाली, पिठाच्या डब्याखाली असायचे. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. अन्यायाविरुद्ध लिहिणं हा आपला जन्मसिद्ध धंदा आहे, अशी माझी समजूत होती. म्हणून मालकांनी “एक कडक नोटीस लिही” म्हटल्यावर मी दहा मिनिटांत लिहून काढली. ‘ज्यांच्या हलगर्जीपणामुळे शेकडो शेतकऱ्यांच्या घामाला काळिमा फासला गेला’ वगैरे. वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले. नेऊन निवडणीच्या टेबलावरच्या भिंतीला डकवली.

एका पोरीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. मावशी डबा बांधत होती. तिनं विचारलं, “पोरी, हे तू लिवलंस?”

“व्हय.”

“अक्षर चांगलं हाय,” ती म्हणाली, आणि निघून गेली.

त्या दिवशी मला एक अक्षर लिहवलं नाही. नांदेडला झालेल्या प्रशिक्षणाची माझी वही टेबलात पडून होती. ती काढली. शिकवणाऱ्या बाईंचं सगळं मीच तर टिपून घेतलं होतं. माल शेवटी तपासून चांगला होत नाही, तो पहिल्या पोत्यापासून चांगला करावा लागतो. चूक सापडली की माणूस धरू नका, कामाची सगळी ओळ बघा. पुन्हा पुन्हा ‘का’ विचारत खाली उतरा. आणि कारखान्यातला प्रत्येक जण, अध्यक्षापासून हमालापर्यंत, गुणवत्तेला जबाबदार असतो. या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. परीक्षेत मला चांगले गुण पडले होते. आणि खऱ्या कामाला पहिल्यांदा हात घातला, तर ओळीतल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाला धरून मी त्याच्या डोक्यावर कागद डकवला होता. ज्या पत्रकांवर मी वाढले, त्यांतलं एकही असं खाली बघून लिहिलेलं नव्हतं.

सकाळी नोटीस फाडली आणि तांड्यावर गेले. मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी माफी मागायला लागले तशी तिनं शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. “हात चालव, मंग बोल.”

सोलता सोलता मी विचारलं, “मावशी, हळदीत तांदूळ येईल कुठून?”

“तांदूळ?” तिनं वर पाहिलं. “आक्षता म्हणून राहिलीस का तू?”

माझे हात थांबले.

“नवा माल काढला की पहिल्या पोत्यावर हमाल टाकतोय की. कुकवात भिजवलेल्या. त्या टेबलावर येतेतच.”

“मग तुम्ही काढत न्हाई?”

“खडा काढते. काडी काढते. देवाचं काहून काढू? आन काढून टाकू कुठं, गटारीत?”

अक्षता आणि कुंकू. तांदळाचा अंश आणि लाल रंग. मला तिथंच उठून नाचावंसं वाटलं. पण एका पोत्यावरची चिमूट एवढी कशी दिसेल, हा प्रश्न होताच. शेडमध्ये येऊन मी ओळीनं एकेकाला गाठलं.

हमाल म्हणाला, “व्हय, टाकतो. मूठभर. कमी टाकून देवाला काय वाटंल?”

दळणाच्या मशीनवरचा मिस्त्री म्हणाला, “म्याडम, मशीन म्हंजी लक्ष्मी. वरून माल पडतो तिथं मीबी टाकतो थोड्या. पोत्यावरचं मला काय म्हाईत?” त्याला हमालाचं ठाऊक नव्हतं, हमालाला त्याचं. प्रत्येकाला वाटायचं, देवाचं आपण एकटेच बघतो.

आणि पॅकिंगच्या ताईनं शेवटचा घाव घातला. “तपासायला पहिल्याच डब्यातली पावडर जाती. मालकाचा हुकूम हाय, पहिला डबा शुभ आसतोय.”

म्हणजे दोघांच्या मुठी ज्या पहिल्या घाण्यात पडत होत्या, बरोब्बर त्याच घाण्याची पावडर आम्ही स्वतःच्या हातानं प्रयोगशाळेत पाठवत होतो. भेसळ कुणी केली नव्हती. सगळ्यांनी मिळून, भक्तिभावानं, घडवून आणली होती.

मी सभा मागितली. ऑफिसात नाही, निवडणीच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर, संचालकांसकट. मालक म्हणाले, “कामगारांसमोर संचालक कशाला?” मी म्हटलं, “कारण पावडर त्यांच्याही कंपनीची आहे.” आवाज चढलाच माझा. मावशीलाही बोलावून घेतलं. ती आठजणींच्या मध्ये पोत्यावर बसली, मालक खुर्चीवर.

मी सगळी साखळी मांडली आणि म्हटलं, आता एकेक ‘का’ विचारू. पहिल्याच प्रश्नापासून माझी गरज उरली नाही. बायकांनी तो खेळ हातात घेतला.

“पावडरीत तांदूळ काहून आला?”

“आक्षता टाकल्या म्हणून!”

“आक्षता मशीनीत काहून टाकल्या?”

मिस्त्री म्हणाला, “आधीपासून टाकतेत म्हणून.”

“आधीपासून काहून?”

मिस्त्रीनं ऑफिसच्या दाराकडं बोट केलं. दारावर उद्घाटनाचा मोठा फोटो होता. नवं कोरं मशीन, हार, नारळ, आणि मालक हसत हसत दोन्ही हातांनी वरच्या तोंडात अक्षता ओतताहेत.

मालक फोटोकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी भेसळ म्या केली व्हय?”

हमाल हळूच म्हणाला, “तुमी सुरू केली मालक. आमी चालवली.”

आधी एक संचालक हसला, मग सगळी शेड. मालक हसले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं आजही सांगते.

मग नियम झाले. पूजा राहणार. तिला हात लावायचा कुणाचाच विचार नव्हता, माझाही नाही. मशीनशेजारी भिंतीत फळी बसवायची, हळदकुंकू, अक्षता, नारळ, सगळं फळीवर. पोत्यावर आणि मशीनच्या तोंडात काही नाही. नमुना मधल्या डब्यातला. आणि शेवटचा नियम मी वहीतून वाचला: ओळीतल्या कुणालाही मालात खोट दिसली तर त्यानं मशीन थांबवावं, परवानगी न विचारता.

मालक खुर्चीत सरळ झाले. “बाया मशीन थांबवणार?”

मावशी म्हणाली, “मंग कोण, तुमी? तुमी तर हापिसात आसता.”

पुन्हा हशा. मालकांनी सही केली, पण त्यांचा हिशेब वेगळाच होता. जाताना मला म्हणाले, “कारण सापडलं ते बराबर हाय. पण टेबलाची प्रमुख ती हाय, आन तिनं पाहून सोडलंय. ह्या खेपंला येऊ दे तिला. माल पास झाला तर ठेवू, न्हाई तर न्हाई.”

मी भांडले. ज्यांनी सुरुवात केली ते खुर्चीवर आणि जिनं देवाचा मान राखला ती परीक्षेवर, हा कसला न्याय? मालक म्हणाले, “पत्रक नको, माल दाव.” मावशीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, “दावू.”

त्यानंतरचे दिवस मला सणासारखे आठवतात. हमालानं पोती उघडायची जागा धुऊन काढली. मिस्त्रीनं मशीन खोलून कोपऱ्याकोपऱ्यातली जुनी पावडर खरवडली. बायकांनी ठरवलं, टेबलावर दर थोड्या वेळानं जागा बदलायची, एकाच ठिकाणी बघून नजर मरते. हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या शेडमध्ये पहिल्यांदाच हमाल निवडणीच्या टेबलापाशी येऊन विचारत होता, “माझ्या पोत्यातून काय निघालं ग?”

खरेदीदाराचा माणूस आला त्या सकाळी शेडमध्ये सगळे उभे होते. डोक्याला टोप्या, तोंडाला फडकी. हा माणूस तरुण होता, बोलणं मोजकं, हातात फॉर्म. मालकांनी फळीवर पूजा केली, नारळ वाढवला. मिस्त्रीनं मशीन सुरू केलं. मावशीच्या टेबलावरून पहिली हळद वर चढली आणि मशीनच्या तोंडाशी आली.

मालक मशीनच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या मुठीत अक्षता उरल्या होत्या. मी शपथेवर सांगते, त्यांच्या मनात काही नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. नजर पाहुण्याकडं, चेहऱ्यावर हसू, आणि हात आपोआप पुढं गेला, मूठ उघडली.

मी ओरडणार होते. माझ्या घशातून आवाज निघायच्या आत खाड्कन मशीन बंद पडलं.

मावशीचा पंजा टेबलाशेजारच्या, मशीन बंद करायच्या लाल बटणावर होता.

मालकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिची नोकरी याच मालावर टांगलेली, आणि तिनं पाहुण्यासमोर मालकाचाच हात पकडला होता. बटणापाशी ती एकटी, समोर सगळे.

पाहुण्यानं विचारलं, “काय झालं? मशीन कोणी बंद केलं?”

“म्या,” मावशी म्हणाली. “आक्षता पडल्या. हा माल दळायचा न्हाई.”

“तुम्हाला असं थांबवता येतं?”

तिनं मालकांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मालक एक पायरी खाली उतरले, हात धोतराला पुसला, आणि जे बोलले त्यासाठी मी त्यांचे मागचे सगळे हट्ट माफ केले.

“येतं. ठराव हाय तसा. सही माझी हाय. चूक बी माझीच हाय.” मग मिस्त्रीकडं वळून, “काढ रे सगळा माल. झाडून पुसून घे. साहेब, च्या घ्या तवर, येळ लागंल.”

वेळ लागला. मशीनचं तोंड रिकामं केलं, पुसलं, वरची सगळी हळद वेगळ्या पोत्यात भरून त्यावर ‘दळू नये’ असं मी खडूनं लिहिलं. पाहुणा चहा घेता घेता हे सगळं बघत होता. फॉर्म त्यानं बाजूला ठेवला होता. निघताना मला म्हणाला, “मी बऱ्याच ठिकाणी जातो. भिंतीवर गुणवत्तेचे फलक सगळीकडे असतात. मालकासमोर मशीन थांबलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.”

प्रयोगशाळेचा कागद आला त्या दिवशी मालक स्वतः तो घेऊन निवडणीच्या टेबलापाशी आले. ऑफिसात कुणाला बोलावलं नाही. चष्मा लावून त्यांनी तो अडखळत वाचला: बाहेरचा अंश नाही, बाहेरचा रंग नाही, माल स्वीकारला. मग कागद मावशीसमोर ठेवून म्हणाले, “बाई, टेबल तुमचंच. आता म्या सांगूनबी तुमी जायचं न्हाई.”

पहिल्यांदा त्यांनी तिला ‘तुमी’ म्हटलं होतं. आठजणींनी असा कल्ला केला की बाहेरचा टेम्पोवाला पळत आत आला. हमालानं नाचायला सुरुवात केली, मिस्त्रीनं पत्र्याचा डबा बडवायला घेतला, आणि मी, जिला घोषणांची एवढी हौस, एक शब्द न सुचता टाळ्या वाजवत राहिले.

मावशीनं त्यांना थोडा वेळ नाचू दिलं. मग पदर खोचला आणि हमालाला म्हणाली, “झालं का? आण मंग फुडलं पोतं. आन हात धुऊन आण.”