मांडवाच्या बिलाची तीन वर्षं

आमचे वडील मांडव घालायचे. बांबू, कनाती, खुर्च्या, मोठाली पातेली आणि एक लाउडस्पीकर, जो ऐन मंगलाष्टकांत हमखास शिट्टी मारायचा. कसबा बावड्यातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं थोरल्या लेकीच्या लग्नाचं काम दिलं, तेव्हा वडलांनी बँकेचं कर्ज काढून कनाती-खुर्च्या नव्या घेतल्या. सगळं सामान तारण. लग्न असं दणक्यात झालं की बावडा वर्षभर दुसरं काही बोलत नव्हता. राहिलं फक्त बिल.

व्यापारी कधी नाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर आम्ही वाचलो असतो. वडील पैसे मागायला गेले की तो आधी त्यांना पाटावर बसवायचा. आणि ज्याच्या घरचा पांढरा रस्सा वाटीनं प्यायला, त्याच्याकडं हात वाळायच्या आत पैसे कसे मागायचे? वडील उपाशी जायचे आणि सायकलवरून ढेकर देत यायचे. आई दारातूनच त्यांची मिशी बघायची. मिशीला तेलाचा तवंग दिसला की पुढं काही विचारायची नाही.

तिसरं वर्ष सरत आलं तसं तिनं आम्हा दोघांना वकिलाकडं पिटाळलं. मी कॉलेज सोडून नुकताच धंद्यात पडलो होतो. वकील म्हणाले, काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावा, नंतर कोर्ट ऐकणार नाही. जेवू घालणाऱ्यावर दावा म्हणताच वडलांचं तोंड उतरलं. मग वकिलांनी सोपी वाट सांगितली. मुदत संपायच्या आत त्याच्याकडून 'बाकी मान्य' एवढं लिहून सही आणा, तिथून नवी तीन वर्षं मिळतात. बँक तेच करत होती. तिचा कारकून दरवर्षी यायचा, चहा प्यायचा आणि वडील त्याच्या कागदावर झोकात सही ठोकायचे.

आज जाऊ, उद्या जाऊ करत मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, आणि नेमकं त्याच दिवशी त्या लेकीच्या बाळाचं जावळ. आम्हाला आग्रहाचं आवतण. कागद वडलांच्या खिशात आणि माझं कोपर त्यांच्या बरगडीत. ताट येण्याआधी सही घ्यायची, असं ठरवूनच गेलो होतो. वडलांनी खिशात हात घातला, तेवढ्यात व्यापाऱ्यानं तोच हात धरला आणि त्यांना भरल्या पंगतीसमोर उभं केलं.

"पावणं, बघून घ्या ह्यास्नी. ह्यांचं देणं हाय माझ्यावर. सगळं देणार की. पर ह्या माणसानं कधी तोंड वाकडं केलं न्हाय."

पंगत गहिवरली. वडलांचे डोळे भरून आले. मी कानात म्हटलं, "कागद."

"गप बस," वडील पुटपुटले. "एवढ्या मानसांत बोलला की त्यो. आता कागद काढला तर त्येची अब्रू जाईल."

आणि ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांपुढं अख्खी पंगत साक्षीला उभी केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कबुली तोंडी चालत नाही, लेखीच लागते, आणि तीही मुदतीच्या आत. देणं बुडालं नाही म्हणाले, त्यानं आपणहून दिलं तर खुशाल घ्या, फक्त तुम्हाला आता वसूल करता येणार नाही.

बँकेच्या मुदतीला मात्र वडलांच्या सह्यांनी धक्का लागू दिला नव्हता. सामान टेम्पोत भरलं गेलं. कारकुनानं लाउडस्पीकर लावून बघितला, त्यानं सवयीनं शिट्टी मारली.

पुढं वडील दुसऱ्या एका मांडववाल्याकडं रोजावर जाऊ लागले. काही वर्षांनी त्याच व्यापाऱ्याच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं आणि काम त्या मालकाला मिळालं. त्यानं पैसे आगाऊ मोजून घेतले. वडील शिडीवर, दातांत सुतळी धरून आडवा बांबू बांधत होते. खाली व्यापारी सोयऱ्यांना घेऊन आला आणि कौतुकानं वर बोट दाखवू लागला.

"ह्यांचं देणं हाय बरं का माझ्यावर."

तोंडात सुतळी होती, म्हणून वडलांनी नुसती मान हलवली.

"जेवल्याबिगर जायचं न्हाय," तो म्हणाला.

वडील जेवले. शिडी धरायला मी गेलो होतो, मीही जेवलो. रस्सा नेहमीसारखाच झकास होता.