डब्यातली अळंबी, वारुळावरची अळंबी

आप्पांना हृदयाचा झटका येऊन गेला आणि माझ्या बेळगावच्या स्वयंपाकघराचा कारभार डॉक्टरांच्या हाती गेला. तेल कमी, मीठ त्याहून कमी आणि मटणाचं तर नावच काढायचं नाही. लोंढ्याजवळच्या गावात जन्मभर शेती केलेले माझे वडील पहिल्यांदाच लेकीकडे राहायला आले, ते असे पथ्यावर. महिनाभरात त्यांनी ताटाशी अबोला धरला. दोन घास खायचे, हात धुवायचे आणि "गावाकडं कवा सोडतीस?" म्हणून विचारायचे. सदरा दिवसेंदिवस ढगळ होत चालला होता. मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते.

शेवटी कॅम्पातल्या दुकानातून मशरूमचा डबा आणला. अळंबी म्हणजे आप्पांचा जीव की प्राण. आमच्या घरी तिला मटणाचाच मान, सोमवारी तिला कुणी शिवतसुद्धा नाही. म्हटलं, मटण तुटलेल्या माणसाला निदान तिच्यावर तहान भागवू दे.

मशरूम ओल्या फडक्याने पुसले, उभे चिरले, थेंबभर तेलात लसणाबरोबर तव्यावर परतले. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, मिरपूड, लिंबू, वरून दाण्याचं कूट. मिठाच्या जागी पोटभर काळजी घातली होती, पण तिची चव लागत नाही.

आप्पांनी एक फोड उचलून उजेडात धरली.

"कुठल्या वारुळावरची म्हणायची ही?"

"शेडमध्ये वाढवतात, आप्पा. बारा महिने मिळते."

"बारा म्हैने मिळतीया तिला अळंबी कशाला म्हणायचं?"

तरी तोंडात टाकली. बराच वेळ चावत बसले. मग दुसरी घेतली, मग तिसरी. मला आभाळ ठेंगणं झालं. डॉक्टरांना फोन करून सांगावं असंसुद्धा मनात आलं.

खाता खाता ते म्हणाले, "खरी खायची आसंल तर ऐक. नाल्याच्या पल्याड मोठी जांभळ हाय, तिच्या मागं वारूळ. श्रावण लागला की जायाचं, उजाडायच्या आत."

आमच्या गावात अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. माणूस एक वेळ जमिनीचा उतारा दाखवेल, वारूळ दाखवणार नाही. आजोबांनी ती जागा आप्पांना सांगितली, तीही पाय चालेनासे झाल्यावर. माझे दोन्ही भाऊ कितीतरी पावसाळे आप्पांच्या मागावर होते. आप्पा त्यांना हुलकावणी देऊन भलत्याच वाटेने घरी यायचे.

"मला कशाला सांगताय?" मी तोडूनच बोलले. "श्रावणात तुम्हीच न्या मला."

"व्हय, जाऊ की," आप्पा म्हणाले. मग बशीतलं शेवटचं कूट बोटाने टिपत म्हणाले, "तुझं ह्ये सॅलाड बी लई झ्याक झालंय गं."

उभ्या जन्मात आप्पांनी कुणाच्या स्वयंपाकाला चांगलं म्हटलं नव्हतं, आईच्यासुद्धा नाही. एका दमात दोन वेळा खोटं बोलले, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. मी रिकामी बशी घेऊन आत गेले आणि नळ मोठा सोडून रडले.