हलका पाय

गास गावच्या वाड्यांतली केळी माझा दोस्त जुन्या डिझेल लॉरीतून नालासोपारा स्टेशनला न्यायचा. वळण लांबून दिसलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा; लॉरी आपसूक मंदावायची. "ब्रेक मारला की जाळलेलं तेल फुकट गेलं," म्हणायचा. फाटक बंद दिसलं की इंजीनही बंद.

त्याच्या लेकीला वाडीत साप चावला, तेव्हा लॉरीत तिला मांडीवर घेऊन मीच त्याच्या शेजारी बसलो होतो. "अरे, दाब ना!" मी ओरडलो.

"दाबतोय रे, पाय ऐकत नाय," तो रडत म्हणाला. लॉरी रोजच्याच चालीनं चालली होती. वळण दिसलं आणि त्याचा पाय पुन्हा वर आला.

दवाखाना येण्याआधीच पोर गेली.

आता परतताना तो रिकामी लॉरी भरधाव आणतो. वळणावरसुद्धा पाय उचलत नाही. मी हल्ली त्याच्या शेजारी बसत नाही.