पासवर्ड

केमिस्ट्रीच्या सरानं माहं डोकं टेबलावर आपटलं. एकदा नाई, दोनदा. बालाघाटच्या कॉलेजात, भर दुपारी. बी.एस्सी.ची पोरं परीक्षानळ्या हातात धरून पाहत राह्यली. ओठ फुटला, रक्त कीबोर्डावर पडलं.

गुन्हा काय? केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी अटेंडंट. बारा वर्षं नळ्या धुतल्या, द्रावणं बनवली. इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश निघालता, कोनीबी त्यात लिहावं असा. त्यात मोरचुदावर दोनच ओळी होत्या. मोरचूद म्हनजे तांब्याचे निळे खडे. माहा बाप मलाजखंडच्या खाणीत तांब्याचा दगड फोडू फोडू म्हातारा झाला, मंग हे काम माहंच होतं. जेवनाच्या सुट्टीत लॅबच्या कम्प्युटरवर बसून पूर्न पान लिहिलं. खडा तापवला का पांढरा पडते, पान्याचा थेंब टाकला का परत निळा होते, सारं. पुस्तकी मराठीत, एकेक शब्द जुळवू जुळवू.

आठ दिवसांनी तिथून कोन्या अनोळखी मानसाचा निरोप आला. "रसायनशास्त्रावर लिहिणारे कोणी नव्हते. आपले स्वागत आहे. आपण लिहीत राहा." आपण! चाळिशी आली, कॉलेजात मले साऱ्याइनं 'ए' म्हनूनच बोलावलं. मी तो निरोप चारदा वाचला आन येड्यावानी रडलो.

तोच निरोप सरानं माह्या पाठीमागं उभं राहून वाचला. आधी हासला. मंग माहं पान उघडून चुका धुंडल्या. चूक सापडली असती त सोडलं असतं त्यानं. नाई सापडली, म्हनून पेटला. म्हने, नळ्या धुनाऱ्याचं स्वागत अन् मी इथं काय माशा मारतो?

"पासवर्ड दे. हा लेख माझ्या नावावर जाईल."

"नाई देत," मी म्हनलो. तवा डोकं आपटलं.

तिसऱ्यांदा त्यानं मान धरली. झटापटीत फ्लास्क फुटला, काच माह्या हाती आली. थेट त्याच्या गळ्यापाशी नेली. खरं सांगतो, खुपसावी वाटली. तो मान सोडून मागं सरकला. मंग ध्यानात आलं, त्याले मारून जेलात गेलो त पान त्याच्याच घशात जाईन. काच खाली ठेवली.

खुर्ची ओढली. साऱ्या पोराइच्या देखत ज्ञानकोशातल्या माह्या खात्यावर माहं पूर्न नाव टाकलं, आडनावासकट. हेच आडनाव आयकून त्यानं पह्यल्या दिवशी माहा पान्याचा गिलास येगळा ठेवलता.

नोकरी जाते त जाओ. लेख माहा आहे. यापुढं माह्या मानेवर हात टाकनाऱ्याचा हात मोडीन, आन मंग बसून पुढचं पान लिहीन.