मेलेला उठला रे!

परवा न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर महायुद्धाच्या काळात निघालेल्या एका काउबॉय मालिकेतला स्वस्तातला सिनेमा लागला होता. त्या मालिकेतल्या प्रत्येक सिनेमात घोडे त्याच खडकाला वळसा घालतात. बदलते ती फक्त खलनायकाची टोपी. असलेच सिनेमे मी घासाघीस करून आणायचो आणि जत्रेतल्या तंबूत दाखवायचो. मशीनवर माझा भागीदार सदू असे.

एकदा त्याने तिसऱ्या रिळाच्या आधी पाचवं लावलं. गोळी खाऊन पडलेला खलनायक थोड्या वेळाने टोपी झटकत दारू प्यायला आला. तंबूत एकच शिट्ट्या. "मेलेला उठला रे!"

"उठू दे की दादा, पब्लिक खूश आहे," सदू हसत म्हणाला.

"डब्यावरचा आकडा दिसत नाही का रे, आंधळ्या?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

त्याचं हसू मावळलं. सकाळी वळकटी उचलून तो निघून गेला, तो परत आला नाही. त्याची नजर खरोखरच जात होती, हे मला त्याच्या तेराव्याला त्याच्या बायकोकडून कळलं. इतकी वर्षं एका ताटात जेवून त्याने मला हे सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही. सांगावं असा माणूस मी होतो का, हा प्रश्न मात्र मी टाळत आलो.

"काका, मान सरळ ठेवा," न्हावी म्हणाला.

टीव्हीवर रिळं बरोबर क्रमाने चालली होती. खलनायक पडला. मी शेवटपर्यंत वाट पाहिली. तो उठला नाही.